थंडीची पहाट आणि टायरमधील हवा

दीपावली सरली की नांदेड आणि लातूर येथील व्यापारी कुटुंबांचा प्रवास वाढतो. लातूरच्या बाजारात सोयाबीनची, नांदेडच्या परिसरात कापसाची आवक सुरू असते. पाठोपाठ जानेवारीत नवी तूर येऊ लागते. आडतीच्या कामासाठी आणि येणे वसूल करण्यासाठी गावोगाव जावे लागते. लग्नसराई सुरू होते. चातुर्मास संपलेला असल्यामुळे कचनेर, कुंथलगिरी, शिरपूर येथील यात्रांचे बेत ठरतात. लातूरला शिकवणीसाठी ठेवलेल्या मुलामुलींना भेटावयास आईवडील सुट्टीच्या दिवशी निघतात. रात्रिभोजनत्यागाचा नियम पाळणाऱ्या घरांत तर सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोहोचण्याच्या दृष्टीने गाडी भल्या पहाटेच बाहेर काढली जाते.

निघताना बहुतेक सारे पाहिले जाते. डबे, पाण्याच्या बाटल्या, औषधे, शाली, गाडीतील इंधन, फास्टॅगमधील शिल्लक. मात्र या साऱ्या भाराला ज्याचा आधार आहे, त्या टायरमधील हवेकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. ‘दिवाळीच्या आधी भरली होती’ एवढ्यावर समाधान मानले जाते. दिवाळीच्या आधी भरलेली ती हवा डिसेंबरच्या पहाटे तेवढी राहिलेली नसते. टायरला छिद्र नसले, व्हॉल्व्ह शाबूत असला, तरीही ती कमी झालेली असते. आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

थंडीत हवा कोठे जाते?

टायरमधील दाब दर चौरस इंचास किती पौंड, या मापाने मोजला जातो. पंपावर मात्र कोणी माप बोलत नाही. ‘तीस टाक’, ‘बत्तीस टाक’ असा नुसता आकडा सांगितला जातो. बंदिस्त जागेतील हवा तापली की तिचा दाब वाढतो आणि थंड झाली की उतरतो, हा पदार्थविज्ञानाचा साधा नियम आहे. मोटारीच्या टायरपुरते त्याचे व्यवहारी गणित असे, की तापमान ५ ते ६ अंश सेल्सिअसने उतरले की दाब सुमारे १ पौंडाने उतरतो.

मराठवाड्याला बर्फ पडणाऱ्या प्रदेशासारखी थंडी नाही, म्हणून हा विषय आपला नव्हे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु येथे प्रश्न थंडी किती कडक, एवढाच नसून तापमानाचा पल्ला किती मोठा, हा आहे. मे महिन्यात नांदेडला पारा ४० अंशांच्या वर असतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे तो १० ते १४ अंशांपर्यंत उतरतो, थंडीची लाट आली तर त्याहूनही खाली. शेजारच्या परभणीत तो ५ अंशांच्या आसपास गेल्याच्या नोंदी आहेत. लातूर तर बालाघाटच्या पठारावर, नांदेडपेक्षा अडीचशे मीटरांहून अधिक उंचीवर वसलेले. त्याच हिवाळ्यात दुपारी मात्र दोन्हीकडे २८ ते ३० अंशांची ऊब असते. म्हणजे एकाच दिवसात पहाट आणि दुपार यांत १५ अंशांहून अधिक अंतर पडते आणि टायरमधील हवा त्याबरोबर रोज खाली-वर होते. दुपारी पंपावर ३३ दाखविणारा टायर दुसऱ्या दिवशी पहाटे ३० दाखवितो, तो यामुळे.

आठ पौंडांचा हिशेब

व्यापाऱ्याच्या घरी गोष्ट आकड्यांत मांडली म्हणजे लवकर पटते. ज्या गाडीला कंपनीने ३३ पौंड दाब सांगितला आहे, अशा गाडीचे उदाहरण घेऊ. ऑक्टोबरच्या मध्यावर, ३२ अंश तापमानाला, गाडी पंधरा-वीस किलोमीटर चालवून पंपावर आणली आणि हवा ३३ करून घेतली.

पहिली वजावट येथेच आहे. चाललेल्या गाडीचे टायर तापलेले असतात व त्यांतील दाब ३ ते ५ पौंडांनी वाढलेला असतो. तेव्हा मीटरवरील ३३ प्रत्यक्षात थंड टायरचे सुमारे ३० असतात. येथे ३ गेले.

दुसरी वजावट काळाची. रबर पूर्णतः हवाबंद नसते. निर्दोष टायरमधूनही महिन्याला साधारण १ पौंड हवा झिरपून जाते. दोन महिन्यांत आणखी २ गेले.

तिसरी वजावट थंडीची. ३२ अंशांवरून पहाटेच्या १२ अंशांवर येताना आणखी सुमारे ३ गेले.

एकूण ८ वजा जाता डिसेंबरच्या मध्यावर पहाटे घराबाहेर पडणाऱ्या त्या गाडीच्या टायरमध्ये ३३ ऐवजी २५ पौंड हवा उरते. तूट जवळजवळ एक चतुर्थांश. यात कोणाची फसवणूक नाही, गाडीत बिघाड नाही. प्रत्येक वजावट लहान आहे. परंतु तिजोरीतील रकमेत चौथा हिस्सा कमी पडला तर ज्या घरात झोप लागणार नाही, त्याच घरातील पाच-सहा माणसे त्या टायरांवर बसून ताशी नव्वद-शंभराच्या वेगाने निघतात.

कमी हवा आणि उष्णता

टायर फुटतो तो हवा जास्त झाल्याने, असा सर्वसाधारण समज आहे. अतिरिक्त हवा वाईटच. परंतु वेगात असताना फुटणाऱ्या टायरच्या मागे पुष्कळदा हवेची कमतरता असते. गाडीचे वजन टायरचे रबर तोलत नाही, आतील हवा तोलते. चारही टायर मिळून रस्त्याला टेकतात ते केवळ चार तळहातांएवढ्या जागेवर. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला अधिक दबते व पुन्हा सरळ होते. लोखंडी तार सतत वाकवत राहिल्यास ती गरम होते, तसे हे रबर आणि त्यातील धाग्यांचे थर आतून तापत जातात. त्यावर पूर्ण भरलेली गाडी, वेग आणि लांबचा पल्ला यांची भर पडली की थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि टायर अचानक जातो. म्हणजे पहाटेच्या थंडीने हवा उतरविलेली असते. आणि त्या उतरलेल्या हवेमुळेच टायर दुपारपर्यंत धोकादायक तापतो. थंडीत टायर फुटत नाहीत, या समजुतीत हीच अर्धी बाजू निसटते.

टायर फुटलाच नाही तरी गाडी ताब्यात राहण्यात फरक पडतो. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर या गावांवरून लातूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ सुमारे १४० किलोमीटरचा. हिवाळ्यात हा गळिताचा हंगाम असतो. पहाटेच्या धुक्यात, मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली एकाएकी समोर येते. अशा क्षणी ब्रेक दाबून गाडी किंचित वळवून घ्यावी लागते; आणि हवा कमी असलेला टायर त्याच वेळी आळशीपणे वळतो, कडेला कलंडतो. दोन टायरांत हवा कमी-अधिक असेल तर जोरात ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढली जाते.

वेगाचा प्रश्नही आता वेगळा झाला आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ पासून नागपूर ते मुंबईजवळील आमणे असा संपूर्ण ७०१ किलोमीटरचा मार्ग वाहता झाला. मुंबईला जाणारी नांदेडकडील अनेक कुटुंबे जालन्याजवळ या मार्गाला लागतात. तेथे मोटारींना सपाट भागात ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. गावातील खड्डे-गतिरोधकांच्या रस्त्यावर २५ पौंडांवर वर्षभर चाललेली गाडी तेथे पहिल्यांदाच तास-दोन तास न थांबता धावते. टायरमध्ये लपलेला दोष उघडा पडतो तो अशा वेळी.

‘दैवी आपत्ती’ नव्हे

अपघातानंतर ‘टायर फुटला, त्याला कोण काय करणार?’ असे सांत्वन केले जाते. कायद्याने मात्र हे सांत्वन मान्य केलेले नाही. २५ ऑक्टोबर २०१० रोजी पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या एका मोटारीचे मागील चाक फुटले व ती खोल खड्ड्यात कोसळली. गाडीतील ३८ वर्षांचा, घरातील एकमेव कमावता तरुण मृत्यू पावला. मागे आईवडील, पत्नी आणि लहान मुलगी. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने २०१६ साली कुटुंबास सुमारे सव्वा कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. त्याविरुद्ध विमा कंपनी उच्च न्यायालयात गेली. टायर फुटणे ही दैवी आपत्ती आहे, त्यात चालकाचा निष्काळजीपणा नाही, हे तिचे एक मुख्य म्हणणे होते.

मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. एस. जी. डिगे यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये ते अपील फेटाळले. दैवी आपत्ती म्हणजे ज्याला कोणीही माणूस जबाबदार नाही अशी, निसर्गाच्या अनावर शक्तींनी घडविलेली अकल्पित घटना. टायर फुटणे त्यात बसत नाही, तो मानवी निष्काळजीपणा होय, असा निकालाचा आशय आहे. टायर फुटण्याची कारणे सांगताना न्यायालयाने अतिवेग, कमी हवा, जास्त हवा, जुने वापरलेले टायर आणि तापमान यांचा उल्लेख केला. निघण्यापूर्वी टायरची स्थिती पाहणे हे गाडी वापरणाऱ्याचे काम आहे, हेही त्यात स्पष्ट केले.

या निकालाने त्या कुटुंबाची भरपाई टिकली. परंतु व्यापारी वाचकाने त्यातील दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. गाडी स्वतःची असो वा पेढीची, चालक घरचा असो वा पगारी, टायर पाहिलेला नसणे हा दोष गाडी रस्त्यावर आणणाऱ्याकडे येतो. दुकानाच्या छोट्या टेम्पोत हमाल, मुनीम आणि चालक बसलेले असतात. त्यांच्या जिवाची जबाबदारी मालकाची असते. विम्याचे संरक्षणही समजते तेवढे व्यापक नसते. अपघाताच्या दाव्यात टायर-ट्यूबची साधारणपणे निम्मीच किंमत धरली जाते. आणि गाडीला दुसरे नुकसान न होता केवळ टायर गेला, तर नेहमीच्या पॉलिसीत त्याचे काहीच मिळत नाही.

अमेरिकेने घेतलेला धडा

या विषयाकडे जगाचे लक्ष वेधले गेले ते ऑगस्ट २००० मध्ये. अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागविण्याचे जाहीर केले. त्यांतील पुष्कळसे फोर्ड एक्सप्लोरर या गाडीला लावलेले होते. वेगात असताना टायरचा वरचा थर सुटून गाड्या उलटत होत्या आणि त्यांत दोनशेहून अधिक माणसे दगावली. टायरची बनावट व गाडीची रचना यांवर मोठा वाद झाला. त्या वादात गाडीसाठी सुचविलेला २६ पौंड हा कमी दाब आणि त्यामुळे वाढणारी उष्णता हाही एक मुद्दा होता. त्याच वर्षी तेथे नवा कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून प्रत्येक नव्या मोटारीत टायरचा दाब ठरलेल्यापेक्षा २५ टक्क्यांनी घटताच दिवा लावणारी यंत्रणा सक्तीची झाली. वर मांडलेल्या हिशेबातील ८ पौंडांची तूट ही जवळजवळ तेवढीच आहे.

भारतात अशी यंत्रणा प्रत्येक गाडीला सक्तीची नाही. जुलै २०२० मधील नियमदुरुस्तीनुसार, ट्यूबलेस टायर असलेल्या लहान गाडीत ही यंत्रणा व पंक्चर दुरुस्तीचा संच असेल तर स्टेपनी ठेवण्याची सक्ती उरलेली नाही. नव्या गाड्यांत हा दिवा आता दिसतो. तरी त्यावर सर्वस्वी विसंबू नये. काही गाड्यांत तो चाकांच्या फिरण्यातील फरकावरून अंदाज करतो. थंडीत चारही टायरांतील हवा सारखीच उतरते, त्यामुळे असा फरक ध्यानात येण्यास उशीर होऊ शकतो. शिवाय हवा कमी असतानाच यंत्रणा नव्याने जुळविली, तर ती त्या कमी हवेलाच योग्य मानते.

काही समजुती

आकडा कोणता धरावा, याबद्दल मोठा घोळ असतो. टायरच्या बाजूवर कोरलेला आकडा हा त्या टायरची कमाल मर्यादा असतो. तो भरावयाचा दाब नव्हे. गाडीसाठी योग्य दाब चालकाच्या दाराच्या चौकटीवरील अथवा इंधनाच्या झाकणाच्या आतील पट्टीवर छापलेला असतो. पुढील व मागील चाकांसाठी, तसेच पूर्ण भरलेल्या गाडीसाठी तेथे वेगवेगळे आकडे असू शकतात. पाच माणसे आणि सामान घेऊन यात्रेला निघताना भरलेल्या गाडीचा आकडा पाहावा.

नायट्रोजन भरला की थंडीचा परिणाम होत नाही, ही दुसरी समजूत. साध्या हवेतच सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि थंडीने आकसण्याचा नियम दोहोंना सारखाच लागू आहे. नायट्रोजन झिरपतो थोडा सावकाश, त्यात ओलावा नसतो, एवढाच त्याचा लाभ. म्हणून तो भरलेल्यांनीही तपासणी सोडू नये. आणि कमी भासल्यास नायट्रोजन मिळेपर्यंत थांबण्यापेक्षा साधी हवा भरून घेणे केव्हाही श्रेयस्कर.

‘थोडी कमी हवा असली की गाडी मऊ चालते’ हे खरे आहे. पण त्या मऊपणाची किंमत टायरच्या दोन्ही कडा झिजून द्यावी लागते. इंधनाची बचत मात्र फुगवून सांगितली जाते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या हिशेबाने चारही टायरांत सरासरी १ पौंड हवा कमी असेल तर इंधन सुमारे ०.२ टक्के जास्त लागते. वर्षाला १५,००० किलोमीटर चालणाऱ्या व लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या गाडीत ५ पौंडांची तूट वर्षभर राहिली, तर साधारण १० लिटर पेट्रोल वाया जाते. म्हणजे हजार रुपयांच्या आसपास. मुदतीआधी बदलावा लागणारा एकच टायर त्याहून कितीतरी महाग पडतो.

प्रवासात दुपारी मीटर ३७-३८ दाखवू लागला की घाबरून हवा सोडून दिली जाते. हे मुळीच करू नये. चालल्याने दाब वाढणार हे गृहीत धरूनच कंपनीने थंड टायरचा आकडा ठरविलेला असतो. दुपारी सोडलेली हवा दुसऱ्या दिवशी पहाटे आणखी मोठी तूट होऊन समोर येते.

घरची पद्धत

उपाय थोडक्या खर्चाचा आहे. हवा मोजण्याचे मीटर काहीशे रुपयांत मिळते. ते घरी असावे. गाडी किमान तीन तास उभी असताना, शक्यतो सकाळी ऊन लागण्यापूर्वी चारही टायर मोजावेत. उन्हाच्या बाजूचे टायर सावलीतील टायरांपेक्षा अधिक दाब दाखवितात, म्हणून ऊन येण्यापूर्वीचे मोजमाप खरे. घरच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप असेल तर तेथेच हवा भरता येते. नसेल तर किती कमी आहे ते कागदावर लिहून जवळच्या पेट्रोल पंपावर जावे आणि तेथील मीटरवर जो आकडा दिसेल त्यात तेवढीच भर घालावी. म्हणजे टायर वाटेत तापला तरी हिशेब चुकत नाही. पंपांवर हवा विनामूल्य देणे बंधनकारक आहे. संकोच करण्याचे कारण नाही.

ही तपासणी वर्षभर महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाच्या आदल्या दिवशी सकाळी व्हावी. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात दर पंधरा दिवसांनी झाली तर उत्तम. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेही उबदार होऊ लागते. तेव्हा थंड टायर मोजून, हिवाळ्यात भरलेली हवा अधिक वाटल्यास ती त्या वेळी कमी करावी. व्हॉल्व्हच्या टोप्या जागेवर आहेत ना, हेही पाहावे. धूळ अडविणारी ती छोटी टोपी हवाही राखते.

मोजण्यास वाकल्यावर टायरची अवस्थाही पाहून घ्यावी. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झालेला टायर नियमानेच बाद ठरतो. बाजूवर फुगवटा किंवा खोल चीर असेल तर हवा कितीही बरोबर असली तरी तो बदलावा. बाजूवरील चार आकडी खूण टायरचे वय सांगते. ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. कमी वापराच्या गाडीचा टायर दिसण्यात नवा असला तरी वयाने जुना असू शकतो.

आणि स्टेपनी विसरू नये. वेल्समधील लॅनेली गावाच्या स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ साली जादा चाक बनविणारी कंपनी सुरू झाली. त्या रस्त्याचे नाव आपल्याकडे चाकालाच चिकटले. डिकीतील सामानाखाली वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या त्या चाकातील हवाही महिन्यागणिक झिरपत असते. रात्री अहमदपूरच्या पुढे चाक बदलण्याची वेळ आल्यावर ते रिकामे आढळणे याचा अर्थ घरच्यांना अंधारात रस्त्याच्या कडेला उभे करणे होय.

शेवटी एक लहान वही गाडीच्या कप्प्यात ठेवावी. दर खेपेस तारीख आणि पाच आकडे लिहावेत, चार चाकांचे व स्टेपनीचे. पेढीवर दोन-तीन गाड्या असतील तर प्रत्येकीची वही वेगळी असावी आणि चालकाने लिहिलेले आकडे मालकाने अधूनमधून स्वतः मोजून पडताळावेत. चारही चाके सारखी उतरली तर ते थंडीचे काम समजून हवा भरावी. एकच चाक इतरांहून अधिक उतरत असेल तर त्यात खिळा रुतला आहे किंवा व्हॉल्व्ह गळतो आहे. ते चाक पंक्चरवाल्याकडून पाण्यात बुडवून तपासून घेतल्याखेरीज गाडी गावाबाहेर काढू नये.